मुंबईंतील कांहीं वास्तूंच्या कर्तृत्वाविषयीं: आख्यायिकांची छाननी

मुंबई शहरांतील नामांकित इमारतींचा व स्मारकांचा "गुप्त इतिहास" सांगणारें वाङ्मय अलीकडे पुष्कळ वाढलें आहे. त्यांतील बरीचशीं विधानें एका लेखकानें दुसऱ्याचीं उतरून घेतलेलीं असतात, व दुसऱ्यानें तीं कोठून घेतलीं ह्याचा मागमूस लागत नाहीं. एखादी बखर हातीं आली म्हणजे ती केव्हांची, लेखकानें स्वतः पाहिलें कीं ऐकलें, सांगितलेल्या गोष्टींचा शकमितीशीं मेळ बसतो कीं नाहीं, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. मगच तिच्यावर भरंवसा ठेवतों. हीच कसोटी सव्वाशें-दीडशें वर्षांच्या ह्या दगडी इमारतींच्या कथांना लावण्यास कोणाची हरकत नसावी. किंबहुना येथें ती लावणें अधिक सोपें आहे, कारण ह्या इमारतींच्या तारखा बहुतांशीं निश्चित आहेत. अशी कसोटी लाविली असतां कांहीं कथा तर पडतातच. पण त्या पडतांना त्यांच्याखालीं दडपलेलीं दोन-तीन मराठी नांवें वर येतात, आणि प्रस्तुत लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे.

प्रथम आधारग्रंथांविषयीं थोडेंसें. मुंबईविषयींच्या कोणत्याही मराठी लेखांत गोविंद नारायण माडगांवकर ह्यांच्या 'मुंबईचें वर्णन' ह्या ग्रंथाचा उल्लेख येतोच, आणि तो यावा हें योग्यच आहे. परंतु हा ग्रंथ इ. स. १८६३ चा आहे. कोटाच्या भिंती पाडण्याचें काम १८६२ सालीं सुरू झालें. म्हणजे ग्रंथकार लिहीत होता तेव्हां जुना कोट नुकताच नाहींसा होऊं लागला होता व त्याच्या जागीं पुढें उठलेल्या इमारतींपैकीं एकीचाही पाया पडलेला नव्हता. टाउन हॉल १८३३ मध्यें पुरा झाला होता व सेंट थॉमसचें देऊळ १७१८ पासून उभें होतें, तेव्हां त्यांच्यासंबंधीं माडगांवकरांची साक्ष समकालीन माणसाची ठरते. राजाबाई टॉवर किंवा बोरीबंदरचें स्टेशन ह्यांच्याविषयीं मात्र त्यांचें नांव पुढें करणें म्हणजे साक्षीदाराला त्याच्या मृत्यूनंतरच्या गोष्टी विचारण्यासारखें आहे. ते १८६५ सालींच वारले. ह्या दुसऱ्या काळासाठीं बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे ह्यांचा 'मुंबईचा वृत्तांत' (१८८९) व १९०९-१० चें शहराचें इंग्रजी गॅझेटिअर हींच साधनें जवळचीं होत. अलीकडील ग्रंथांपैकीं शारदा द्विवेदी व राहुल मेहरोत्रा ह्यांचा १९९५ चा व प्रीती चोप्रा ह्यांचा २०११ चा असे दोन इंग्रजी ग्रंथ ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. शहर बांधण्यांत एतद्देशीयांचा वांटा किती होता ही चर्चा विशेषतः दुसऱ्यानें पुष्कळ पुढें नेली आहे. आमच्या मराठी लेखकांनीं त्याचा उपयोग करून घेतल्याचें फारसें दिसत नाहीं.

शिलालेखाचा आधार सर्वांत बळकट, असा आपला पाठ आहे. परंतु शिलालेखही कशाची साक्ष देतो हें पाहावें लागतें. अपोलो बंदरावरील गेट वे ऑफ इंडिया घ्या. (बंदराच्या ह्या नांवाचा ग्रीक देवतेशीं कांहीं एक संबंध नाहीं, मूळ शब्द 'पालवा' होय. त्याची व्युत्पत्ति कोणी पाल जातीच्या नावेवरून लावतात, कोणी दुसऱ्या कशावरून. साहेबाच्या जिभेला अपोलो अधिक ओळखीचा, इतकेंच.) कमानीवरील लेख सांगतो कीं, बादशहा पांचवे जॉर्ज व राणी मेरी ता. २ डिसेंबर १९११ रोजीं हिंदुस्थानांत उतरलीं त्याच्या स्मरणार्थ ही वास्तु उभारली. हें वाचून पाहणाऱ्याची अशी समजूत होते कीं, बादशहा ह्याच कमानीखालून आले. वस्तुतः त्या दिवशीं तेथें एक तात्पुरता सजविलेला मंडप मात्र होता. कायम इमारतीचा नकाशा ऑगस्ट १९१४ मध्यें मंजूर झाला. समुद्र हटवून जागा तयार करण्यांत महायुद्धाचीं वर्षें गेलीं. पायाचें काम १९२० च्या सुमारास लागलें. आणि व्हॉइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांनीं ता. ४ डिसेंबर १९२४ रोजीं ती खुली केली. उतरण्याला तेव्हां तेरा वर्षें होऊन गेलीं होतीं.

कोनशिलेच्या तारखेविषयीं तर छापील साधनांतच मतभेद आहे. कित्येक ठिकाणीं ता. ३१ मार्च १९११ छापलेली आढळते, कित्येक ठिकाणीं १९१३ चा मार्च महिना. दोन्ही मतें गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हातून शिला बसविली हें मान्य करतात. क्लार्क एप्रिल १९१३ पर्यंत अधिकारावर होते, म्हणून एवढ्यावरून निकाल लागत नाहीं. परंतु जी घटना डिसेंबर १९११ मध्यें घडावयाची तिच्या स्मारकाची कोनशिला आठ महिने अगोदर बसवावी, आणि मग प्रत्यक्ष प्रसंगीं तेथें लांकूड-कापडाचा मंडप घालावा, हें संभवत नाहीं. घटना घडली, स्मारकाचा विचार ठरला, आणि गव्हर्नरानें पद सोडण्यापूर्वीं शिला बसविली, हा क्रम स्वाभाविक आहे. तेव्हां आमच्या मतें १९१३ हेंच ग्राह्य धरावें. १९११ हा आंकडा उतरण्याच्या सालावरून सरकून आला असावा.

ह्या लेखांत शिल्पकाराचें नांव नाहीं. तो जॉर्ज विटेट होता हें कागदांवरून कळतें. खारोडीचा पिंवळसर दगड, ग्वाल्हेरीहून आलेल्या जाळ्या, गुजराथेंतील सोळाव्या शतकाच्या इमारतींचें वळण, हीं सर्व त्याची योजना. कमानीपर्यंत सरळ येणारा रुंद रस्ता करावयाचा होता, तो पैशाअभावीं राहिला, म्हणून ती वास्तु मुख्य रस्त्याशीं तिरपी उभी आहे. ह्यांतलें अक्षरही दगडावर नाहीं. येथें रायगडावरील जगदीश्वराच्या देवळाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथें गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराचें नांव भिंतींतील संस्कृत लेखांत आहे, शिवाय पायरीवर निराळें कोरलेलें आहे. बांधणारानें आपलें नांव पायाखालीं घातलें, पण तें घातलें. राजाचें नांव वर व त्याचें खालीं अशीं दोन्ही राहिलीं. मुंबईच्या इमारतींत बांधणाराला पायरीही मिळाली नाहीं.

आतां राजाबाई टॉवर. ह्या मनोऱ्याची कथा सर्वतोमुखीं आहे: शेट प्रेमचंद रायचंद ह्यांची आई राजाबाई आंधळी होती, जैन धर्माप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं तिला जेवण उरकावयाचें असे, घंटेच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून मुलानें मनोरा बांधला. कथा गोड आहे, व मातृभक्तीचा दाखला म्हणून शाळेंतून सांगितली जाते. पण तिच्यावर चार साधे प्रश्न आहेत. प्रेमचंदशेटांचा प्रेमोद्यान नांवाचा बंगला भायखळ्यास. युनिव्हर्सिटीपासून तो दीड कोसाच्या आसपास. तेथें टोले ऐकूं यावेत ह्या हेतूनें कोटाबाहेरच्या मैदानांत मनोरा कोण बांधील? दुसरें, मुंबईस वर्षभरांत सूर्यास्ताची वेळ सुमारें सव्वा तासानें मागेंपुढें होते. घड्याळाचे टोले ऐकून सूर्यास्त कळावयाचा तर आंधळ्या बाईनें पंचांगही जवळ बाळगावें लागेल. तिसरें, हिंदुस्थानांतील पहिल्या प्रतीच्या सावकाराच्या घरीं सूर्य मावळतो आहे एवढें सांगणारा एक नोकर नव्हता असें मानावें लागेल. आणि चौथें, जें सर्वांत महत्त्वाचें: देणगी १८६४ सालची, मनोरा पुरा झाला नोव्हेंबर १८७८ मध्यें. आईच्या जेवणाची सोय म्हणून चौदा वर्षें थांबणारा मुलगा कथेंतील मुलाशीं जुळत नाहीं.

खरी हकीकत कमी गोड पण अधिक भारी आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून कापसाचा भाव चढला व मुंबईंत पैशाचा पूर आला. त्या भरांत प्रेमचंदशेटांनीं युनिव्हर्सिटीस ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये व मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख दिले, आणि मनोऱ्यास आईचें नांव असावें अशी इच्छा दर्शविली. १८६५ मध्यें यादवी संपली, शेअरबाजार कोसळला, आणि खुद्द देणगी देणारा बुडाला. शेकडों घरांचें दिवाळें वाजलें. त्या सट्ट्याच्या पैशांपैकीं जो थोडा भाग शहराच्या पदरांत कायमचा पडला, त्यांतला हा एक. मनोऱ्याची पायाभरणी ता. १ मार्च १८६९ ला झाली, म्हणजे बाजार बुडाल्यानंतर चौथ्या वर्षीं. अंधत्वाची कथा काढून टाकली तरी आईच्या नांवाची इच्छा खरीच राहते. तिला आंधळी करण्याचें कारण नव्हतें.

ह्या मनोऱ्याचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांचे. ह्या गृहस्थानें मुंबई कधीं पाहिली नाहीं. नकाशे लंडनहून आले. तो मार्च १८७८ मध्यें वारला, म्हणजे मनोरा पुरा झालेला पाहणें त्याला शक्यच नव्हतें. तरीही मार्गदर्शक पुस्तकांत सर्व श्रेय त्याच्या नांवें जमा आहे. परंतु कुर्ल्याच्या दगडाच्या ह्या मनोऱ्याकडे पाहणाऱ्याची दृष्टि ज्या गोष्टीवर ठरते ती नकाशांत नसून वरच्या कोनाड्यांत आहे. तेथें पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींच्या लोकांच्या चोवीस मूर्ति आहेत. पागोट्यांचे पेंच, धोतराच्या निऱ्या, अंगरख्यांची ठेवण ह्यांतून माणूस कोणत्या प्रांताचा हें ओळखावें अशी योजना आहे. लंडनांत बसलेल्या माणसाला हें साधणें शक्य नव्हतें. ह्या मूर्ति घडविणारा रावबहादूर मुकुंद रामचंद्र, कामावरील साहाय्यक एंजिनिअर. ही माहिती कोणी लपवून ठेवलेली नाहीं. गेल्या शतकाच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांतच ती छापली आहे. मराठींत मात्र आंधळ्या आईची गोष्ट शंभरदां आली आणि मुकुंद रामचंद्राचें नांव क्वचितच आलें.

फ्लोरा फाउंटनविषयीं फार लिहीत नाहीं. तें राणीच्या बागेसाठीं म्हणून योजिलेलें होतें व गव्हर्नर फ्रिअर ह्यांचें नांव त्यास द्यावयाचें होतें. शेवटीं कोटाच्या पाडलेल्या चर्चगेटाच्या जागीं आलें आणि वरच्या मूर्तीवरून लोकांनीं त्याला नांव दिलें. खर्चापैकीं मोठा हिस्सा एका पारशी गृहस्थानें, कर्सेटजी फर्दुनजी पारेख ह्यांनीं, दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत गोळीबारास बळी पडलेल्यांमुळें त्या चौकाला पुढें हुतात्म्यांचें नांव मिळालें, हें सर्वांस ठाऊक आहे.

बोरीबंदर स्टेशनाकडे वळूं. हें काम १८७८ मध्यें सुरू झालें, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं म्हणजे १८८७ त त्यास विक्टोरियाचें नांव मिळालें, १८८८ त तें पुरें झालें. खर्च सुमारें सोळा लाख रुपये. १९९६ सालीं शिवछत्रपतींचें नांव दिलें गेलें, २०१७ त त्यांत 'महाराज' ही पदवी जोडण्यांत आली. घड्याळाखालच्या कोनाड्यांतील राणीची मूर्ति केव्हांच गेली. कोनाडा रिकामा आहे. ह्या इमारतीविषयीं दोन चुका वारंवार आढळतात. पहिली अशी कीं, तिच्यावरील नक्षीकाम लॉकवुड किप्लिंगचें, म्हणजे प्रसिद्ध इंग्रज ग्रंथकाराच्या बापाचें. लॉकवुड किप्लिंग १८७५ त मुंबई सोडून लाहोरास गेला. इमारतीस आरंभ तीन वर्षांनीं झाला. क्रॉफर्ड मार्केटावरील कोरीव पट्ट्या त्याच्या खऱ्या. स्टेशनावरील काम जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्या देखरेखीखालीं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं केलेलें आहे. त्या विद्यार्थ्यांचें श्रेय आधीं गुरूकडे गेलें, आणि मग जो गुरु तेथें नव्हता त्याच्याकडे! (त्याच शाळेच्या आवारांत ज्या बंगल्यापुढें ग्रंथकार किप्लिंग येथें जन्मला असें लिहिलेलें आहे, तो बंगलाही त्याच्या जन्मानंतरचा आहे.)

दुसरी चूक गमतीची आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनाचे व मुंबईच्या स्टेशनाचे नकाशे टपालांत बदलले आणि एकाची इमारत दुसरीकडे उभी राहिली, असें सांगतात. मेलबर्नच्या स्टेशनाच्या नकाशांसाठीं चढाओढ १८९९ त लागली व इमारत १९१० त पुरी झाली. बोरीबंदरचें स्टेशन तोंपर्यंत बावीस वर्षें गाड्या सोडीत होतें. ज्यांना दोन तारखा शेजारीं मांडावयाचा कंटाळा आहे त्यांनीं इतिहास लिहूं नये, एवढेंच म्हणतों.

आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्याची योग्यता कमी करण्याचा येथें हेतु नाहीं; इमारत त्याची आहे. पण दहा वर्षांच्या त्या कामावर त्याच्या हाताखालीं साहाय्यक एंजिनिअर म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव होते, आणि देखरेखीवर ज्यांचें नांव इंग्रजींत वेडेंवांकडें लिहिलेलें आढळतें व जें माधवराव जनार्दन असें असावें, ते एक गृहस्थ होते. ह्यांपैकीं सीताराम खंडेराव ह्यांचें नांव लक्षांत ठेवावें, कारण तें पुन्हा येतें.

तें येतें ताजमहाल हॉटेलाच्या संबंधांत. ह्या हॉटेलाची आख्यायिका सर्व आख्यायिकांत अधिक पसरलेली आहे: कोणा गोऱ्या आर्किटेक्टानें नकाशे करून दिले व तो विलायतेस गेला, परत येऊन पाहतो तों इमारत उलटी बांधलेली, समुद्राकडचें तोंड शहराकडे, त्या दुःखानें त्यानें वरच्या मजल्यावरून उडी घेतली. ह्या आर्किटेक्टाचें नांव कथेंत कधीं नसतें. कोणी त्यास इंग्रज म्हणतो, कोणी फ्रेंच. जमशेटजी टाटांच्या हॉटेलांत, सर्व इंग्रजी वर्तमानपत्रांच्या डोळ्यांदेखत, नामांकित आर्किटेक्टानें जीव दिला आणि त्याचें नांवही कोणी टिपून ठेवलें नाहीं, ही गोष्टच कथेस पुरेशी बाधक आहे. इमारतीचें तोंड उलटें वाटतें ह्याचें कारणही फारसें गूढ नाहीं. हॉटेल ता. १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. तेव्हां समोर गेट वे नव्हता, तो एकवीस वर्षांनीं आला. पाहुणे शहराच्या बाजूनें घोड्यांच्या गाड्यांतून येत, म्हणून प्रवेश पश्चिमेस. आणि खोल्यांस वारा व समुद्र मिळावा म्हणून लांब बाजू पूर्वेस. आजचा पाहणारा गेट वेपाशीं उभा राहून पाठीमागची बाजू पाहतो व तिला चुकलेलें तोंड समजतो.

ह्या हॉटेलाचे मूळ आर्किटेक्ट दोघेही हिंदी: सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा. काम पुरें होण्यापूर्वींच वैद्य वारले, आणि पुढील काम डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रजानें शेवटास नेलें. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर ह्यांचें. मधला प्रसिद्ध जिना त्यांचाच. आतां कथा व हकीकत शेजारीं ठेवून पाहावी. आपली इमारत पुरी झालेली न पाहतां आर्किटेक्ट मरण पावला, एवढा भाग दोहोंतही आहे. पण कथेंत तो गोरा झाला, निनांवी झाला, आणि त्याच्या कामांत नसलेली चूक त्याच्या माथीं आली. हा अंश खऱ्या मृत्यूवरून आला कीं स्वतंत्रपणें जुळला, हें ठामपणें सांगण्यास पुरावा पाहिजे. परंतु कथेनें वैद्यांचें नांव पुसलें हें उघड आहे. वॉटसनच्या हॉटेलांत प्रवेश नाकारल्यावरून टाटांनीं हें हॉटेल बांधलें, ही जोडकथाही अनेकांनीं संशयास्पद ठरविलेली आहे. तिच्यांत शिरत नाहीं.

हीं नांवें हरवण्यास आख्यायिकांइतकेंच सरकारी लिहिणेंही कारण झालें. इंग्रजी कागदांत गोऱ्या अधिकाऱ्याचें आडनांव असतें व हिंदी माणसाचें बहुधा स्वतःचें व बापाचें नांव मात्र: मुकुंद रामचंद्र, सीताराम खंडेराव, माधवराव जनार्दन. अशा नांवांचीं माणसें एका काळीं शेंकडों सांपडतील. आडनांव नसल्यानें घराणें लागत नाहीं, घराणें न लागल्यानें कागद कोठें शोधावे हें कळत नाहीं. सीताराम खंडेरावांचें 'वैद्य' हें आडनांव हॉटेलच्या संबंधांत येतें म्हणून स्टेशनावरील त्याच नांवाच्या रावसाहेबांशीं त्यांची ओळख पटते. मुकुंद रामचंद्रांच्या बाबतींत असा दुसरा धागा छापील साधनांतून मिळणें कठीण.

तो मिळण्याचें ठिकाण दुसरें आहे. ज्या सभासदांच्या संग्रहीं मुंबईकर घराण्यांचीं दप्तरें आहेत, त्यांत सनदा व निवाडे आधीं निवडले जातात आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मोडी खतावण्या, दगडाच्या खाणींचे हिशेब, पाथरवटांच्या मजुरीचे रोजकीर्द, नकाशांच्या फाटक्या प्रती ह्या "अर्वाचीन" म्हणून बाजूला ठेवल्या जातात. पुण्या-मुंबईच्या रद्दीवाल्यांकडे जाणाऱ्या गठ्ठ्यांत असे कागद प्रस्तुत लेखकानें स्वतः पाहिले आहेत. सनदेच्या कागदाला जो भाव येतो त्याच्या शतांशही त्यांना येत नाहीं. कुलवृत्तांतांच्या संपादकांनींही १८६० ते १९०० ह्या काळांतील पब्लिक वर्क्स खात्यांत नोकरीस असलेल्या पुरुषांच्या नोंदी केवळ "एंजिनिअर होते" एवढ्यावर सोडूं नयेत. कोणत्या कामावर होते हें विचारून लिहावें. रामचंद्रांचे चिरंजीव मुकुंद, रावबहादूर, १८७८ च्या सुमारास युनिव्हर्सिटीच्या मनोऱ्याच्या कामावर, एवढा पत्ता ज्या कोणाच्या वंशावळींत बसेल त्यानें तो मंडळाकडे कळवावा.